आरव म्हणजे शांत? नावांचं ॲप ठेवा बाजूला, कोलोनची संस्कृत डिक्शनरी उघडा

दादाला मुलगा झाला आणि नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, त्यामुळे गेले पंधरा दिवस डोक्यात फक्त नावंच फिरत होती. कृत्तिका नक्षत्र, पहिलं चरण, अक्षर अ आलं, आणि वहिनीच्या मनात तर आधीपासून आरवच होतं. कुणीतरी सुचवलं म्हणून बाळांच्या नावांचं एक ॲप घेतलं, जाहिराती नकोत म्हणून पैसे भरून घेतलं. त्यात आरव टाकलं तर अर्थ आला 'शांत', सोबत लकी नंबर, लकी रंग, मुलाचा स्वभाव कसा असेल ते सगळं तयार. बारशाची व्हॉट्सॲपवर पाठवायची पत्रिका पण झाली होती, पाळण्याच्या चित्राखाली छोट्या अक्षरात 'आरव - शांत, संयमी'.

आईने चष्मा लावून ती पत्रिका वाचली आणि म्हणाली, "अगं, कोंबडा आरवतो ना? मग आरव शांत कसा?"

खरं सांगते, मी गप्पच झाले. इतका रोजचा शब्द आणि आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

मग एका संस्कृत शिकवणाऱ्या मैत्रिणीने कोलोन युनिव्हर्सिटीची डिक्शनरीची साइट पाठवली, जर्मनीतली, आणि हा रिव्ह्यू खरं तर त्या साइटसाठीच लिहितेय. पूर्ण फुकट, लॉगिन नाही, जाहिरात नाही. एकाच ठिकाणी मोनिअर विल्यम्सचा १८९९चा संस्कृत-इंग्रजी कोश आहे, शब्दकल्पद्रुम आणि वाचस्पत्यम् हे संस्कृतातच अर्थ देणारे कोश आहेत आणि आपल्या वामन शिवराम आपट्यांचा १८९०चा कोश पण आहे. आपटे फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल आणि १८९२ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले, म्हणजे एवढा मोठा कोश त्यांनी बत्तिशीतच छापून मोकळा केला होता, हे वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

साइट दिसायला अगदी जुनाट आहे, मोबाईलवर अक्षरं बारीक येतात, झूम करत बसावं लागतं. मोनिअर विल्यम्स आणि आपट्यांमध्ये अर्थ इंग्रजीत. आणि आधी इनपुटमध्ये देवनागरी निवडा, मग शब्द टाका, नाहीतर काहीच सापडत नाही आणि वाटतं शब्दच नाही, माझी पहिली पंधरा मिनिटं त्यातच गेली. मोनिअर विल्यम्समध्ये अर्थापुढे आर., एल. असली अक्षरं दिसतात ती पण समजून घ्या, आर. म्हणजे शब्द रामायणात आलाय आणि एल. म्हणजे फक्त जुन्या कोशकारांनी दिलेला. कुठला अर्थ कुठून आला हे असं समोर दिसतं ना, तेच मला त्या ॲपमध्ये कुठेच मिळालं नव्हतं.

तर आरव. आ अधिक रव, मुळाशी 'रु' धातू, म्हणजे आवाज करणं. अर्थ दिलेत आवाज, ओरडणं, आक्रोश, गडगडाट. शांत कुठेच नाही! कलरव मधला रव तोच. रावण हे नाव पण याच धातूचं, उत्तरकांडात गोष्ट आहे, कैलासाखाली हात दाबला गेल्यावर तो असा ओरडला की तिन्ही लोक हादरले आणि शंकरांनी त्याला ते नाव दिलं. मराठीसाठी मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पण पाहिला, १८५७ची आवृत्ती शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर आहे, तिथे आरवणे म्हणजे कोंबड्याचं ओरडणं. आईचं बरोबर होतं.

मग शांत आलं कुठून? माझा अंदाज असा की इंग्रजी स्पेलिंगमुळे घोळ झाला असणार, ऱ्हस्व अ घेऊन 'अरव' वाचलं तर ज्याला आवाज नाही असा अर्थ निघतो, बरोबर उलटा. एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उचललं. अक्षय कुमार आणि ट्विंकल खन्नाचा आरव २००२ मध्ये जन्मला, त्यानंतर हे नाव किती पसरलं ते आपण बघतोच, आमच्या सोसायटीच्या ग्राउंडवर आरव म्हणून हाक मारली की तीन पोरं वळून बघतात, आणि तिघांच्याही आया अर्थ शांत असाच सांगतात.

त्याच नादात आणखी दोन नावं तपासली. विहान बरोबर आहे, सकाळ, पहाट, नेपाळीत आजही सकाळला बिहान म्हणतात. रेयांशचा अर्थ ॲपमध्ये सूर्यकिरणाचा अंश, पण किरणासाठी 'रेय' असा शब्द मला एकाही कोशात सापडला नाही. नाव कानाला गोड आहे म्हणून ठेवा ना, काहीच हरकत नाही, पण मग अर्थ म्हणून काहीही छापून पैसे घेऊ नका, लोक तो अर्थ मुलाला आयुष्यभर सांगतात.

ॲपला ५ पैकी १, तो पण नक्षत्राचं अक्षर बरोबर दिलं म्हणून. चूक कळवायला मेल केला, दहा दिवस झाले, उत्तर नाही. कोलोनला साडेचार, अर्धा मोबाईलसाठी कापला.

वहिनीला सांगायची मला भीती वाटत होती, तिचं आवडतं नाव. पण बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नव्हतं, मिनिटभर सगळे घाबरले होते, दादा दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता, आणि मग आतून आवाज आला. वहिनी म्हणाली, "ताई, आवाज असाच अर्थ असेल तर मला जास्त आवडेल." पत्रिका बदलली, 'आरव - आवाज' एवढंच ठेवलं.

परवा बारसं झालं. मी कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, पाठीत धपाटे बसले, आणि बाळाने जे भोकाड पसरलं ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. आई पाळण्याची दोरी धरून म्हणाली, "आरवला गं बाई."