अणुऊर्जेवर बोलायचंय, मग कुणाचा कागद हाती धराल?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत वादविवादाला यंदा विषय आहे ‘अणुऊर्जा हवी की नको’. कैगा अणुवीज केंद्र शेजारच्याच जिल्ह्यात, काळी नदीकाठी. तिथे 220 मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत आणि 700 मेगावॉटच्या आणखी दोनांचं काम चाललंय. बाजूने बोलणाऱ्या नववीतल्या एका मुलीने छापून आणलेले कागद मी चाळले. ‘पर्यावरणवादीही आता अणुऊर्जेच्या बाजूने’ या ओळीखाली लाल पेनाची रेघ होती. या लोकांना पैसे कोण देतं, असं विचारलं तर तिला सांगता येईना. कागदावरही ते कुठे नव्हतं.

म्हणून हे लिहितोय, मुलांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षक-पालकांसाठी.

लंडनची वर्ल्ड न्यूक्लिअर असोसिएशन ही उद्योगाचीच संघटना. अणुभट्ट्या बांधणारे, चालवणारे, युरेनियम काढणारे तिचे सभासद. ते ती लपवत नाही. कुठली अणुभट्टी किती क्षमतेची, कधी सुरू झाली, ही माहिती तिच्याकडून खुशाल घ्या. खर्च आणि अपघात यांबाबत मात्र दुसरीकडे पडताळा.

खरी अडचण आहे ती नागरिकांचं नाव लावून येणाऱ्यांची. 2006 मध्ये अमेरिकेत क्लीन अँड सेफ एनर्जी कोअलिशन निघाली. पुढे चेहरे दोन: अणुऊर्जेला विरोध करणाऱ्या ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेचे जुने नेते पॅट्रिक मूर आणि पर्यावरण खात्याच्या माजी प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन. पैसा न्यूक्लिअर एनर्जी इन्स्टिट्यूटचा, म्हणजे तिथल्या अणुवीज कंपन्यांच्या संघटनेचा. बऱ्याच बातम्यांत मूर यांचं ग्रीनपीस यायचं, हा पैसा यायचा नाही. वाचणाऱ्याला वाटायचं, विरोधकाचं मन पालटलं!

अमेरिकेतल्याच ओहायो राज्यात तर प्रकरण तुरुंगापर्यंत गेलं. ‘जनरेशन नाऊ’ नावाच्या संस्थेमार्फत फर्स्टएनर्जी या वीजकंपनी समूहाचे सुमारे 6 कोटी डॉलर फिरले आणि 2019 मध्ये दोन अणुवीज केंद्रांना आधार देणारा कायदा झाला. या लाचखोरीसाठी तिथल्या सभागृहाचे तेव्हाचे सभापती लॅरी हाउसहोल्डर यांना 2023 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली.

सगळेच समर्थक असे नसतात. कॅलिफोर्नियातली एन्व्हायर्न्मेंटल प्रोग्रेस आपण ऊर्जा कंपन्यांकडून देणगी घेत नाही असं जाहीर सांगते. तिचं म्हणणं मुलांनी जरूर वाचावं, आकडे तपासून.

आपल्याकडे कैगा चालवते सरकारी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन, आणि अणुऊर्जेचा प्रचारही तीच करते. कैगाच्या पहिल्या युनिटने 2018 अखेर सलग 962 दिवस चालण्याचा विक्रम केला, हे ती अभिमानाने सांगते आणि ते खरंही आहे. पण त्यासोबत कॅगचा 2012 चा अहवालही मुलांपुढे ठेवा. अणुऊर्जा नियामक मंडळाला तेव्हा पुरेसे स्वतंत्र कायदेशीर अधिकार नव्हते, यावर त्यात बोट ठेवलं होतं.

विरोधात बोलणाऱ्या मुलांनाही मी पैशाचा प्रश्न विचारणार आहे. त्या मुलीने लाल रेघेशेजारी समासात लिहून घेतलंय: ‘देणगीदार?’ भाषणात ती ओळ ठेवायची की गाळायची, हे उत्तर सापडल्यावर ती ठरवेल.