क्राउन लेंग्थनिंग आणि गम रिशेपिंग: हिरडी कापतात, हाडाचं काय करतात?

रूट कॅनाल झालेली दाढ हिरडीच्या पातळीला तुटली की डॉक्टर म्हणतात, "कॅपला धरायला दातच उरला नाही, आधी क्राउन लेंग्थनिंग करून घ्या." म्हणजे हिरडी आणि लागलं तर हाडही कापून दाताचा जास्त भाग मोकळा करणं. हसताना हिरडी फार दिसते म्हणून कुणी आलं, तर त्याच खुर्चीत गम रिशेपिंगचं, म्हणजे हिरडीची कड कापून आकार देण्याचं, पॅकेज समोर येतं. नावं दोन, दर दोन, आतला हिशोब मात्र एकच, आणि तो हाडाचा हिशोब आहे. त्यामुळे या सेवेला चांगलं-वाईट म्हणताना आम्ही एकच गोष्ट आधी पाहतो: कापण्यापूर्वी हाड कुठे आहे ते मोजलं का?

हाडाच्या काठापासून वर साधारण २ मिमी हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते. गार्जुलो, वेंट्झ आणि ऑर्बन यांनी १९६१ साली दिलेली सरासरी २.०४ मिमी. या पट्टीसाठी डॉक्टरांच्या तोंडी अजून 'बायोलॉजिक विड्थ' हाच शब्द आहे. हिरडीच्या आजारांच्या २०१७ च्या जागतिक वर्गीकरणात त्याचं नाव बदललं, पण शरीराचा हट्ट बदलला नाही. कॅपची कड या पट्टीत घुसली की हिरडी कायम लाल, सुजलेली राहते, ब्रश लागला की रक्त येतं, आणि पुढे हाडच झिजून खाली जातं. म्हणून कॅपची कड आणि हाड यांत किमान ३ मिमी अंतर हवं. शिवाय कॅपच्या आत सगळीकडून दीड ते दोन मिमी उंचीचा शाबूत दात हवा. विळ्याच्या मुठीला लोखंडी कडं असतं ना, तशी पकड कॅपला त्यावर मिळते. ती नसेल तर पोस्ट (मुळात बसवलेली खुंटी) घातलेली कॅप पोस्टसकट हातात येते किंवा मूळ उभं चिरतं. म्हणजे हाडाच्या वर साडेचार ते पाच मिमी दात मोकळा पाहिजे.

मोजायची पद्धत साधी आहे. भूल दिल्यावर खुणांची बारीक सळई हिरडीतून थेट हाडाला टेकेपर्यंत सरकवतात. टोक कडक लागलं की आकडा वाचायचा. दाताभोवती सहा ठिकाणी, गालाकडून तीन आणि जिभेकडून तीन. यासोबत ताजा एक्सरे. हे दोन्ही न करता "थोडी हिरडी उडवू" म्हणणाऱ्या क्लिनिकला आमच्याकडून पहिल्याच फेरीत नापास.

उदाहरण घ्या. तुटलेली कड हाडापासून १ मिमी वर आहे. साडेचार मिमी हवेत, म्हणजे साडेतीन मिमी हाड काढायचं. एकाच दाताभोवती खड्डा करून चालत नाही. शेजारच्या दातांपर्यंत उतार द्यावा लागतो, नाहीतर पायरी राहते, हिरडी तिच्यावर बसत नाही आणि पॉकेट, म्हणजे दात-हिरडीमधली खोल फट, तयार होतं. म्हणून काप दोन्ही बाजूंना एकेक दात पुढे जातो. बिलावर दात एक दिसतो, टाके तिघांच्या मध्ये असतात. यात फसवणूक काही नाही. खरी अडचण वेगळी आहे. खालच्या पहिल्या दाढेची मुळं दाताच्या मानेपासून जेमतेम ३ मिमीवर फुटतात. तिथे साडेतीन मिमी हाड काढलं तर मुळांमधली बेचकी उघडी पडते, त्यात अन्न अडकतं, ब्रश पोहोचत नाही. कॅप वाचली, दाढ गेली! अशा दाढेला क्राउन लेंग्थनिंग सुचवणं ही आम्हाला या सेवेतली सगळ्यात महागडी चूक वाटते. उरलेलं मूळ वरच्या भागापेक्षा लांबीला कमी पडणार असेल तेव्हाही नकोच.

प्रत्यक्ष काम साधारण तासाभराचं. भूल, हिरडीच्या कडेला आतल्या बाजूने तिरपा काप, हिरडी हाडावरून सोडवून बाजूला घेणं, सलाइनचा फवारा चालू ठेवून गोल बरने (ड्रिलला लावायच्या गोल टोकाने) हाड पातळ करणं, मुळालगतची शेवटची कड हातातल्या छिन्नीने काढणं, पुन्हा सळईने मोजणं, टाके. फवाऱ्याकडे लक्ष असू द्या: बर कोरडा फिरला तर हाड तापतं आणि मरतं. पुन्हा मोजण्याची पायरीही अनेक ठिकाणी गाळली जाते.

आता लेझर. डायोड लेझर मऊ हिरडी सुरेख कापतो, रक्त कमी, टाके बहुतेक लागत नाहीत. पण तो हाड कापत नाही. हाड पुरेसं खाली असेल आणि कापूनही निदान २ ते ३ मिमी घट्ट, गुलाबी हिरडी शिल्लक राहणार असेल, तर वीस मिनिटांचं हे काम आम्हाला पसंत आहे. हाड वरपर्यंत असेल तर काही महिन्यांत हिरडी मूळ जागी परतते आणि पैसे पाण्यात. अर्बियम लेझर हाड कापू शकतो, पण हिरडी न उघडता कापलं तर आत नीट छाटलं गेलं की चर पडला, ते दिसत नाही. पुढच्या दातांच्या पातळ हाडावर आम्ही उघडून केलेल्या कामालाच मत देऊ.

गमी स्माइलचं, म्हणजे हसताना हिरडी फार दिसण्याचं, गणित थोडं वेगळं. वरचा मधला दात लांबीला साधारण साडेदहा मिमी, रुंदीला साडेआठ. दिसतो आठच मिमी आणि उरलेलं इनॅमल हिरडीखाली लपलंय, असं असेल तर निकाल झकास येतो. पण जबडाच लांब असेल किंवा वरचा ओठ जास्त उचलला जात असेल, तर हिरडी कापून मूळ उघडं पडतं. ते पिवळसर दिसतं, गार पाण्याने झिणझिणतं, आणि मग ते झाकायला व्हिनियर (दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचा पातळ थर). पॅकेज फुगतं ते इथे. अम्लोडिपिन (रक्तदाबाचं), फेनिटॉइन (फिट्सचं) किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं) या औषधांमुळे हिरडी वाढली असेल तर आधी ते औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं व्हायला हवं. गोळी तीच राहिली तर हिरडी पुन्हा वाढण्याची शक्यता मोठी. ब्रेसेसमुळे सुजलेल्या हिरडीला आधी सफाई आणि थोडा वेळ द्या, कात्री नंतर.

दोन दातांमधला हिरडीचा टोकदार भाग सहसा हात न लावता ठेवतात. दात जिथे एकमेकांना टेकतात तिथून हाडापर्यंत अंतर ५ मिमीच्या आत असेल तर तो टिकतो. ६-७ झालं की काळा त्रिकोण दिसायला लागतो, आणि तो बुजवणं फार अवघड.

नंतरची काळजी कंटाळवाणी, पण निकाल तिच्यावर असतो. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे. टूथपेस्ट आणि या औषधात अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, नाहीतर पेस्टमधला फेसाचा घटक त्याचा असर मारतो. दातांवर तपकिरी डाग पडतात, चहाबाजांना जास्त. पॉलिश केल्यावर जातात. टाके ७ ते १० दिवसांनी काढतात. मिश्री आणि तंबाखू बंद, "थोडीशी" सुद्धा नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका, आणि मधुमेह असेल तर शस्त्रक्रियेआधीच सांगा.

सर्वांत जास्त तक्रारी मात्र घाईच्या. दोन आठवड्यांत कायमची कॅप बसवली, मग हिरडी खाली-वर सरकली आणि कडेची काळी रेघ दिसू लागली. मागच्या दाढांना किमान ६ ते ८ आठवडे, पुढच्या दातांना ३ ते ६ महिने थांबणं योग्य. तोवर तात्पुरती कॅप, तिची कड हिरडीच्या बाहेर. लग्नाची तारीख जवळ असेल तर उलटं मोजून बघा. महिनाच हातात असेल तर पुढच्या दातांना हात लावू नये.

पर्याय आहेत. दात एकाच बाजूने खोल तुटला असेल तर आतून फिलिंग करून कड वर आणता येते. पुढच्या दाताचं मूळ तारेने थोडं बाहेर ओढता येतं. वेळ लागतो, पण शेजाऱ्यांचं हाड वाचतं. खर्च झेपत नसेल तर मुंबईतलं शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे विचारा. तिथे खेपा जास्त होतात. खासगीत जात असाल तर पेरिओडोन्टिस्टकडे (हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे) जा, आणि अंदाजपत्रकावर लिहून घ्या: दर एका दाताचा की त्या भागाचा, हाडाचं काम धरलंय का, तात्पुरती कॅप कोण देणार, आणि सहा जागांचे मिमीमधले आकडे.