आठ महिने मुलांच्या गळ्यात असलेलं भिंग

मार्चमध्ये सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, तेव्हा अमेरिकेतल्या फिनिक्सहून गाडी काढून आम्ही आठवडाभर वाळवंट फिरलो. त्या प्रवासासाठी नऊ वर्षांच्या लेकीला आणि सहा वर्षांच्या लेकाला एकेक भिंग घेतलं. दहापट मोठं दाखवणारं, तीन काचा जोडलेलं, धातूच्या झाकणात फिरून बंद होणारं. पंचवीस डॉलरला एक. आता नोव्हेंबर उजाडलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा धाकटा दिसेल तो दगड खिशात घालतो, आणि राष्ट्रीय उद्यानातून साधा खडाही उचलायचा नसतो. पेट्रिफाइड फॉरेस्ट, म्हणजे दगड झालेल्या झाडांच्या उद्यानात तर पायाशी लाल-पिवळ्या तुकड्यांचा सडा पडलेला असतो. सुमारे 21-22 कोटी वर्षांपूर्वी झाडं गाळात पुरली गेली, पाण्यात विरघळलेली सिलिका (गारगोटी जिची बनते ती) लाकडाच्या जागी भरत गेली आणि ओंडक्यांची गारगोटी झाली. तिथे रडारड होणार हे मी धरूनच चालले होते. पण पोरगा अर्धा तास एका ओंडक्याशी पालथा पडून राहिला. "आई, आत काचेचे डोंगर आहेत!" फटीतले स्फटिक दिसले होते त्याला. खिसा रिकामा असूनही तो तिथून खुशीत निघाला, आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले.

भिंग धरायचं कसं, हे मात्र शिकवावं लागतं. मुलं ते दगडाजवळ धरून लांबून बघतात, मग सगळं धूसर दिसतं. भिंग डोळ्याला अगदी लगटून धरायचं आणि डोकं दगडाकडे न्यायचं, साधारण अडीच सेंटिमीटरपर्यंत. दहापटीच्या वर जाऊ नका. त्याहून जवळ जावं लागतं आणि मुलांचा हात हलतो.

ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची पायवाट आहे. आजपासून मागे जात चालायचं, एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. वाटेत दरीतले दगड हात लावून बघायला मांडलेत. लेकीने विचारलं, आपला सह्याद्री कुठे येईल? दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे 66 व्या मीटरला. सासूबाई तिथे थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढ्यात आला आपला दगड?" दरीच्या तळाचा विष्णू शिस्ट नावाचा खडक यायला पुढे दीड किलोमीटरहून जास्त चालावं लागतं. तो सुमारे 170 कोटी वर्षांचा. नाव ऐकून त्यांनी त्याला दोन्ही हात लावले. भिंगातून त्यात अभ्रकाची चमक दिसली.

झायन राष्ट्रीय उद्यानात लाल कड्यांतले वाळूचे कण भिंगाखाली गोल आणि दुधी काचेसारखे दिसतात. ज्युरासिक काळातल्या वाळवंटात वाऱ्याने एकमेकांवर आपटून ते तसे झाले. तिथेच चूक झाली. लेकाने धुळीने भरलेलं भिंग शर्टाला पुसलं आणि काचेवर कायमचे ओरखडे उठले. वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कठीण असते, म्हणून आधी फुंकर, मग पाणी, मगच कापड. ऑक्टोबरमध्ये व्हाइट सँड्सला, पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांच्या उद्यानात गेलो. तिथली वाळू जिप्सम नावाच्या मऊ खनिजाची, नखानेही खरवडली जाते, म्हणून तिथे काच वाचली. पण बारीक कण झाकणाच्या खिळ्यात शिरले आणि आता ते करकरतं. सोबतची दोरी तर दुसऱ्याच महिन्यात तुटली. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. मी बुटाची नाडी ओवली, ती टिकलीय.

भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही हे मुलांना रोज बजावते, आणि गाडीत उन्हात ते उघडं ठेवत नाही.

सासूबाई मे महिन्यात परत निघाल्या तेव्हा लेकीने आपलं भिंग त्यांच्या पर्समध्ये घातलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी व्हिडिओ कॉलवर फोनच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून परसातला काळा दगड दाखवला. लाव्हातल्या वायूची बारीक भोकं, आणि एका भोकात पांढरे सुईसारखे स्फटिक. लेकीने मला तो फोटो छापून द्यायला लावला. तिच्यासाठी त्याच प्रकारचं तिसरं भिंग मी त्याच रात्री मागवलं.