झॅम्पमधली मायएसक्यूएल कमांड लाइन : आंब्याचा पूर्ण हंगाम वापरल्यावर

झॅम्प म्हणजे मायएसक्यूएलसारखा डेटाबेस आपल्याच संगणकावर चालवायचा संच. त्यात मोठा बॅकअप चढवायचा असेल तर पीएचपीमायॲडमिन या ब्राउझरमधल्या पानाच्या नादी लागू नका, सरळ कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. हे मी आता कोणालाही ठामपणे सांगतो. फक्त डेटा देवनागरीत असेल तर आधी पुढचं वाचा.

आमचं काम देवगड तालुक्यातल्या बागायतदारांच्या हिशेबाचं. नाव, गाव, पेट्या, वाशीच्या बाजारातून आलेली पट्टी (विक्रीचा हिशेब), सगळं मराठीत. होस्टिंगवाल्याने नूतनीकरणाचा दर अवाच्या सवा वाढवला, फोनवर धड उत्तरही देईना. तेव्हा सगळा बॅकअप उतरवून घेतला आणि ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपवर आणला. पीएचपीमायॲडमिनमधून इम्पोर्ट होईना. आधी फाइलचा आकार आडवा आला. तो पीएचपीच्या सेटिंगमध्ये वाढवला, तर पुढे ३०० सेकंदांची मर्यादा. मग झॅम्पच्या फोल्डरात मायएसक्यूएल, त्यात बिन, तिथून क्लायंट (आपल्या आज्ञा डेटाबेसला पोचवणारा प्रोग्राम) सुरू केला, डेटाबेस निवडला आणि ‘सोर्स’ लिहून फाइलचा पत्ता दिला. चहा होईपर्यंत सगळी टेबलं आत! यासाठी अपाचे (झॅम्पमधला वेब सर्व्हर) चालू लागत नाही, नुसतं मायएसक्यूएलचं बटण पुरतं. चार जीबीच्या लॅपटॉपला हा मोठाच दिलासा.

त्यानंतर गावांची यादी मागवली आणि पोटात गोळा आला. जामसंडे, मिठबाव, कुणकेश्वर, सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं.

त्या संध्याकाळी माझं मत साफ वाईट झालं होतं. ते बदललं ‘हेक्स’ या फंक्शनमुळे. गावाच्या कॉलमला ते लावलं की साठवलेले बाइट जसेच्या तसे दिसतात. ‘कुणकेश्वर’ची सुरुवात ई०ए४९५ अशी आली, म्हणजे ‘क’ शाबूत. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि ई०ए४ किंवा ई०ए५ने सुरू होतं. तिथे ३एफ ३एफ अशी रांग दिसली असती, तर खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेली असती आणि ती नावं परत आली नसती.

म्हणजे डेटा ठणठणीत होता. क्लायंट विंडोजच्या जुन्या कोडपेजवर (अक्षरांच्या तक्त्यावर) बोलत होता. त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून सर्व्हर अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह पाठवत होता. इम्पोर्ट बिनचूक झाला, कारण डंप फाइलच्या, म्हणजे बॅकअपच्या, डोक्यावरच अक्षरांची पद्धत सांगणारी ‘सेट नेम्स’ची ओळ असते. हाताने लिहिलेल्या फाइलीत ती नसते, तेव्हा ती आपण घालायची. आता मी खिडकी उघडली की आधी तिला यूटीएफ-८वर आणणारी ‘सीएचसीपी ६५००१’ ही आज्ञा देतो, मग क्लायंटला यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) सांगूनच सुरू करतो. जुन्या खिडकीत तरीही चौकोन दिसतात, ती फॉन्टची अडचण. विंडोज टर्मिनलमध्ये अक्षरं बऱ्यापैकी येतात, मात्रा मात्र अधूनमधून सरकतात.

सगळ्यात धोक्याची जागा पॉवरशेलची, म्हणजे विंडोजच्या दुसऱ्या कमांड खिडकीची. विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ आवृत्तीत डावीकडे तोंड असलेला बाण (<, फाइल आत घ्यायचा) चालतच नाही, लगेच एरर येतो. तो परवडला. उजवीकडचा बाण (>, आउटपुट फाइलीत टाकायचा) मात्र गुपचूप चालतो. मायएसक्यूएलडंप या बॅकअप काढणाऱ्या प्रोग्रामचं आउटपुट त्यातून फाइलीत घेतलं की पॉवरशेल ते मध्येच आपल्या कोडपेजने वाचतं आणि यूटीएफ-१६मध्ये लिहितं. मराठी नावांचा चुराडा होतो आणि फाइल दिसते भरलेली. असा बॅकअप पेनड्राइव्हवर ठेवून माणूस निर्धास्त राहतो, याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. डंपला ‘रिझल्ट-फाइल’ हा पर्याय द्या, म्हणजे फाइल तो स्वतःच लिहितो, मध्ये कोणी येत नाही. नंतर ती नोटपॅडमध्ये उघडून एक तरी गाव डोळ्यांनी वाचा.

रूटला, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य खात्याला, मुळात पासवर्ड नसतो, तो पहिल्याच दिवशी घाला. आणि ‘सेफ-अपडेट्स’ लावूनच क्लायंट सुरू करा. कोणत्या आणि किती ओळी बदलायच्या ते सांगणारे ‘व्हेअर’ आणि ‘लिमिट’ दोन्ही विसरलेली अपडेट तो अडवतो. पट्टीच्या दरांचं टेबल असेल तर हे हवंच.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट आणि नेट दोन्ही बेभरवशाचे. तरी नेट नसताना बागायतदार दारात आला, की त्याच्या पेट्यांचा आकडा जागेवर सांगता येतो. होस्टिंगचं महिन्याचं भाडं वाचलं ते वेगळंच. त्यातून लॅपटॉपची नवी बॅटरी घेतली, कारण चालू डेटाबेस असा मध्येच बंद पडू देणं परवडत नाही.