आमदाराची कुंडली काढायची तर: कार्यअहवाल की फॉर्म २०?

आमदाराची कारकीर्द तपासायला बसलेल्या माणसापुढे आमच्याकडे विदर्भात कागदांचे दोन ढीग असतात. एक आपोआप घरी येतो: गुळगुळीत कागदाचा कार्यअहवाल, मुखपृष्ठावर हात जोडलेले साहेब, मागच्या पानावर पक्षाचं चिन्ह. दुसरा आपल्याला शोधून आणावा लागतो: उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६, आणि मतमोजणीनंतरचा बूथनिहाय निकाल, म्हणजे फॉर्म २०. सवड असेल तर दोन्ही वाचावे, वादच नाही. पण विधानसभेचं मतदान येतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. सोयाबीन निघायचं असतं, कापूस फुटलेला असतो, मजूर मिळत नाही. तेवढ्या धावपळीत एकच वाचणं होणार असेल तर कोणतं, हे गावातली पोरं दरवेळी विचारतात. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. तरी दोन्हींची बाजू मांडतो, तुमचं तुम्ही ठरवा.

कार्यअहवालाला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो मराठीत असतो, मोठ्या अक्षरात असतो, आणि ज्याला चष्मा लागला आहे त्यालाही वाचता येतो. गावनिहाय यादी असते, त्यामुळे आपलं गाव सापडायला वेळ लागत नाही. कुणाला नागपूरच्या मेडिकलला भरती करून दिलं, कुणाच्या शस्त्रक्रियेला मदत मिळवून दिली, हे दुसऱ्या कोणत्याच सरकारी कागदावर येत नाही आणि आमच्या भागात आमदाराचं निम्मं काम तेच आहे. शेवटच्या पानावर स्वीय सहायकाचा आणि जनसंपर्क कार्यालयाचा नंबर असतो. त्या एका पानासाठी पुस्तिका घरात ठेवावी, असं माझं मत आहे.

पण मला जे खटकलं ते सांगतो. कामाच्या यादीत वर्ष नसतं. गाव, कामाचं नाव, रक्कम, संपलं. आमच्या गावातून नाल्याकडे एक पांदण, म्हणजे शेतात जायची वाट, जाते. पावसाळ्यात तिथं बैलबंडी रुतते आणि पलीकडच्या वावरातला कापूस डोक्यावरून आणावा लागतो. ही पांदण मी एका कार्यकाळाच्या अहवालात वाचली: ‘पांदण रस्ता खडीकरण’, पुढं रक्कम. पुढच्या कार्यकाळाच्या अहवालात तीच पांदण पुन्हा, फक्त रक्कम वाढलेली. जमिनीवर पाहाल तर पहिल्या वळणापर्यंत गिट्टी, तिथून पुढं काळी माती. आता ही दोन वेगळी कामं, की एकच काम दोनदा छापलेलं, की पहिलं रद्द होऊन दुसऱ्यांदा घेतलेलं? कागदावरून कळायला मार्ग नाही. कार्यारंभ आदेशाची तारीख एका रकान्यात दिली असती तर प्रश्न मिटला असता. मंडप, कमान, हायमास्ट, सगळ्या पानांवर हीच गत. मला हा छपाईचा विसर वाटत नाही, पण तसा आरोपही मी करणार नाही.

त्यात पैसा कुठून आला हेही धूसर. गावात पोरासोरालाही ‘पंचवीस-पंधरा’ म्हणजे काय हे ठाऊक आहे. ग्रामविकास खात्याचं ते लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या खात्याचा क्रमांक, आहे, त्यातून सिमेंट रस्ते आणि सभामंडप होतात. आमदार फंड वेगळा, रोजगार हमीतून होणारी मातोश्री पांदण योजना वेगळी, जिल्हा नियोजनचा पैसा वेगळा. पुस्तिकेत सगळं एकाच हंड्यात. मुखपृष्ठावर शेकडो कोटींचा आकडा असतो. पण आमदाराच्या स्वतःच्या हातचा स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी आहे, म्हणजे पूर्ण पाच वर्षांचे धरले तरी २५ कोटी. बाकीचं राज्याच्या अर्थसंकल्पातलं, केंद्राच्या योजनांमधलं, राष्ट्रीय महामार्गाचंसुद्धा. पाठपुरावा केला असेल, नाही म्हणत नाही. पण तोच पूल खासदारांच्या पुस्तिकेत आणि तोच सभामंडप जिल्हा परिषद सदस्याच्या पत्रकात वाचला की माणूस चक्रावतो.

कारकिर्दीचंही तसंच. ‘सलग इतक्या वेळा विजयी’ एवढंच पुस्तिका सांगते. विदर्भात २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनं जागा ६६ वरून ६२ वर आल्या आणि २००९ ची निवडणूक नव्या हद्दींवर झाली, त्यामुळे सलग विजय म्हणजे त्याच मतदारांनी पुन्हा निवडून दिलं असं होतंच असं नाही. सुधीर मुनगंटीवार १९९५, १९९९ आणि २००४ ला चंद्रपुरातून निवडून आले. चंद्रपूर अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्यावर २००९ पासून बल्लारपुरातून. संजय राठोड २००४ ला दारव्ह्यातून, २००९ पासून दिग्रसमधून. विजय वडेट्टीवार २००४ ला चिमूरमधून शिवसेनेकडून, पुढं त्याच चिमूरमधून काँग्रेसकडून, आणि २०१४ पासून ब्रह्मपुरीतून. नव्या जागी जाऊन टिकणं सोपं नाही, तेव्हा हा कमीपणा समजू नका. मात्र विजयांची नुसती संख्या मोजून दोन नेत्यांची तुलना करू नये. बच्चू कडूंचे अचलपुरातले २००४ ते २०१९ चे चार विजय आणि २०२४ चा पराभव हे एकाच नावाच्या मतदारसंघातलं आहे, तरी २००९ ला त्याही मतदारसंघाच्या हद्दी नव्यानं ठरल्या. पराभव तर पुस्तिकेत येतच नाही. साहेब एकदा पडले होते, हे आमच्याकडच्या नव्या मतदाराला पारावरचे म्हातारे सांगतात, तेव्हा कळतं.

आता दुसरा ढीग. प्रतिज्ञापत्र दिसायला रुक्ष. स्टॅम्प पेपर, प्रत्येक पानावर नोटरीचा शिक्का आणि उमेदवाराची सही, मध्येच तिरपं स्कॅन झालेलं पान. पण त्यावर तारीख असते राजेहो! सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३ च्या निकालांनंतर हे सगळ्यांना भरावंच लागतं, आणि २०१३ नंतर रकाना कोरा ठेवण्याचीही सोय राहिली नाही. शेतीचा गट क्रमांक, सोन्याचं वजन, गाड्या, बँकेचं आणि सोसायटीचं कर्ज, पत्नीच्या नावावरचं, अवलंबितांच्या नावावरचं, वीजबिलाची किंवा सरकारी घरभाड्याची थकबाकी, मागच्या पाच वर्षांचं आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न. एकाच माणसाची २०१९ ची आणि २०२४ ची दोन प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून वाचा. एका संध्याकाळचं काम आहे.

वाचताना दोन ठिकाणी सांभाळा. मालमत्ता वाढली म्हणून लगेच भुवया उंचावू नका. समृद्धी महामार्ग गेला त्या पट्ट्यात पडीक जमिनीचाही भाव चढला, तो प्रतिज्ञापत्रात दिसणारच. नवीन गट क्रमांक किती वाढले ते बघा, जुन्याची किंमत किती फुगली ते नंतर. दुसरं, गुन्ह्यांचा आकडा. बातमीत ‘अमुक गुन्हे दाखल’ एवढंच येतं. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको केला तर बेकायदा जमावाचं आणि रस्ता अडवल्याचं कलम लागतं. पतसंस्था बुडवली तर फसवणुकीचं. आकड्यात दोन्ही सारखेच एक-एक मोजले जातात. शेतकरी आंदोलनातून वर आलेल्या माणसाचं पान कधीकधी भीतीदायक दिसतं आणि कलमं वाचली की जीव भांड्यात पडतो. उलटही होतं.

फॉर्म २० माझ्या मते सगळ्यात मोलाचा, आणि वापरायला सगळ्यात त्रासाचा. एका रांगेत एक बूथ, आडवे उमेदवार, शेवटी नोटा आणि एकूण, खाली टपाली मतं. बूथचं नाव नाही, फक्त क्रमांक. मतदान केंद्रांची यादी वेगळी उतरवून घेऊन कोणता क्रमांक आपल्या जिल्हा परिषद शाळेचा ते जुळवावं लागतं. मतदार वाढले की बूथ फुटतात आणि पुढच्या निवडणुकीत क्रमांक सरकतात, त्यामुळे दोन निवडणुकांची तुलना करताना पुन्हा पहिल्यापासून जुळवणी. मोबाइलवर हे होत नाही, डोळे जातात. प्रिंट काढून पट्टी ठेवूनच वाचावं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एकूण आकडा फार काही लपवतो म्हणून. राजुऱ्याचं २०१९ घ्या. काँग्रेसचे सुभाष धोटे शेतकरी संघटनेच्या वामनराव चटपांपेक्षा २,५०१ मतांनी निवडून आले. भाजपचे संजय धोटे, जे २०१४ ला जिंकले होते, तेही लढतीत होते. २०२४ ला तिथं भाजपचे देवराव भोंगळे आले, पुन्हा थोडक्या फरकानं. एवढ्या चुरशीत नुसतं ‘अमुक जिंकले’ वाचून जिवतीच्या पहाडावरचं गाव आणि गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याजवळचं गाव यांनी काय ठरवलं ते कसं कळणार? ते बूथच्या रांगेतच सापडतं.

आमच्या तालुक्यात मी फॉर्म २० आणि कार्यअहवालाची गावनिहाय यादी समोरासमोर ठेवून पाहिली. हे काही संशोधन नव्हे, एका माणसाचं पेन्सिलनं केलेलं काम. पण जिथून साहेबांना लीड मिळाली ती गावं पुस्तिकेत वारंवार येतात, आणि नाल्यापलीकडची, जिथं विरोधकाला मतं पडली ती गावं यादीत शोधावी लागतात. एखादं समाजमंदिर, एखादी बोअरवेल. योगायोगही असू शकतो, ती गावं लहान आहेत. तरी एवढं नक्की की फॉर्म २० आपण वाचायच्या आधी कार्यकर्त्यांनी वाचलेला असतो. मतपत्रिकेच्या काळात पेट्यांतली मतं मिसळून मोजायचे, तेव्हा गावाचं मत झाकलेलं असायचं. आता एका बूथच्या गावानं कुणाला किती दिलं ते शिक्क्यासह छापून येतं. मग आपणच तेवढं अंधारात का राहायचं?

सभागृहातल्या कामाचं थोडक्यात सांगतो. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना यांची नोंद विधानमंडळाच्या कार्यवाहीत असते, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपल्या भागाचा विषय निघाला का, हे बघण्यासारखं असतं. पण आमदार मंत्री झाला की तो प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. त्यामुळे प्रश्नांची संख्या मोजणाऱ्या याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

तेव्हा, ज्याला आमदाराकडून काही काम करून घ्यायचं आहे, दाखला, दवाखाना, विजेची डीपी जळालेली, त्यानं कार्यअहवाल जवळ ठेवावा. तिथं फॉर्म २० काही कामाचा नाही. ज्याला मत कुणाला द्यायचं हे ठरवायचं आहे, त्यानं निदान प्रतिज्ञापत्र वाचावं. आणि ज्याच्यात थोडी चिकाटी आहे त्यानं आपल्या गावापुरता फॉर्म २० काढावा, पूर्ण मतदारसंघाचा नको, आपला बूथ आणि आजूबाजूचे चार-दोन पुरे. दोन्ही गोष्टी निवडणूक आयोगाच्या आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मतदानाच्या आठवड्यात आमच्याकडे नेट रडतखडत चालतं, म्हणून जुन्या निवडणुकीचं आधीच उतरवून घ्या. नवीन प्रतिज्ञापत्र अर्ज भरल्यावर संकेतस्थळावर येतंच. सेतू केंद्रात प्रिंट काढताना पानं आडवी काढायला सांगा, उभी काढली तर शेवटच्या उमेदवारांचे रकाने कापले जातात.