कलकत्ता विद्यापीठाचं पदक आणि माझे १८,५०० रुपये

आठ महिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या विषयात गावभर शहाणपण शिकवत फिरतो, त्यातच गंडलो. सांगणार कोणत्या तोंडानं? पण गेल्या महिन्यात जे झालं, त्यानंतर गप्प बसणं बरं नाही.

मी विद्यापीठं गोळा करतो. म्हणजे तिकिटांवरची, नाण्यांवरची. ३१ डिसेंबर १९५७ ला टपाल खात्यानं मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीन विद्यापीठांच्या शताब्दीची तिकिटं काढली होती, प्रत्येकी १० नये पैसे. वडिलांच्या वहीत ती तिन्ही सापडली (डिंकानं चिकटवलेली, काय बोलणार!) आणि तिथून नाद लागला. पुढे प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाला ६०० वर्षं झाली तेव्हाचं १९४८ चं १०० कोरुनांचं चांदीचं नाणं मिळालं. मग पोलंडचं १९६४ चं १० झ्लॉटींचं, ज्यावर क्राकोचं विद्यापीठ स्थापणारा राजा काझिमिर आहे. तिकिटं होती, नाणी होती, पदक तेवढं नव्हतं.

सीताबर्डीवर एका हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. शेवटच्या टेबलावर चाळिशीतला एक माणूस. पदक त्यानं मांडलेलं नव्हतंच. मी दोन-चार परदेशी नाणी उलटसुलट करून पाहिली, तेव्हा त्यानं पिशवीतून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली वस्तू काढली.

"भाऊ, तुम्ही जाणकार दिसता म्हणून दाखवून राहिलो. आमच्या आजोबाच्या भावाचं हाय."

काळपट पडलेलं, तळहातात भरेल एवढं. एका बाजूला कलकत्ता विद्यापीठाचं नाव आणि ब्रीदवाक्य, 'अॅडव्हान्समेंट ऑफ लर्निंग'. दुसऱ्या बाजूला 'मॉरिस कॉलेज, नागपूर, १९११'.

बाहेरच्या माणसाला इथंच शंका आली असती, की नागपूरच्या पोराला कलकत्त्याचं पदक कसं? मला आली नाही, कारण मला उत्तर माहीत होतं. नागपूर विद्यापीठ स्थापन झालं ४ ऑगस्ट १९२३ ला. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस १८८५ चं. तिथली पोरं सुरुवातीला कलकत्त्याचीच परीक्षा द्यायची. हे सगळं मी त्या माणसाला उभ्या उभ्या समजावून सांगितलं. तो मान डोलवत होता. "असं हाय का? हे तं मलेही माहीत नव्हतं." त्यानं मला काहीच पटवलं नाही. सगळं पटवणं मीच केलं, त्याच्या वतीनं, फुकटात.

२५ हजारांवरून १८,५०० वर तुटलं. पावती मागितली तर म्हणाला, "शंभर वर्षांवरची वस्तू हाय भाऊ, कागद केला की पुरातत्त्ववाल्यांची भानगड." आता १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा खरंच आहे आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, हेही खरं. म्हणजे परवाना त्यानं मला दाखवायला हवा होता. मी मात्र कोणी पाहत तर नाही ना, असं इकडंतिकडं बघून घेतलं. पैसे यूपीआयनं गेले, कुठल्याशा बाईच्या नावावर. "मिसेसचं खातं हाय."

पंधरा दिवसांनी धंतोलीत इतिहासाच्या एका निवृत्त सरांकडे मिरवायला नेलं. त्यांनी भिंगसुद्धा हातात घेतलं नाही.

"एकोणीसशे अकरा? अरे, कर्झनच्या वेळी १९०४ चा विद्यापीठ कायदा झाला, हद्दी आखल्या गेल्या, आपला मध्य प्रांत अलाहाबादकडे गेला. अकरा साली मॉरिसचा पोरगा कलकत्त्याचं पदक आणेल कुठून?"

घरी आलो आणि जे पहिल्या दिवशी करायचं ते तेव्हा केलं. सोनारी छोटा काटा घेतला. पदक ४१.२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि पदक दोऱ्यानं पाण्यात सोडलं, तळाला किंवा काचेला लागू न देता. काटा ४.८ वर थांबला. ४१.२ ला ४.८ नं भागा, साडेआठच्या जरा वर येतं. चांदी असती तर दहाच्या वर यायला हवं होतं. साडेआठ म्हणजे पितळ. इतवारीच्या सराफानं मशीनवर धरून तेच सांगितलं, वरून नुसता चांदीचा मुलामा. मग डोळे उघडे ठेवून पाहिलं तर कडेला कानशीचे ओरखडे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल, आणि 'लर्निंग'च्या पहिल्या अक्षराखाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा. ठशानं पाडलेल्या पदकात असं होत नाही, साच्यात ओतलेल्यात होतं.

पोलिसांनी अर्ज घेतला. पावती नाही, वस्तू राजीखुशीनं समोरासमोर घेतलेली. त्यापुढं काही हललं नाही.

त्याआधी मी एक मूर्खपणा केला होता. त्या माणसाला फोन लावला आणि तावातावानं सगळं ऐकवलं. १९०४ चा कायदा, अलाहाबाद, ती तारीख कशी अशक्य आहे, सगळं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "बरं झालं सांगितलं भाऊ." मग नंबर बंद.

गेल्या महिन्यात अमरावतीच्या एका मित्रानं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, घेऊ का म्हणून विचारायला. किंमत ३२ हजार. तेच पदक, तसाच काळपटपणा, त्याच अक्षराखाली तोच खड्डा. खाली लिहिलेलं, 'मॉरिस कॉलेज, नागपूर, १८९९'.