सेल्फ ड्राइव्हची गाडी, आंबोलीचा रस्ता आणि तीनशे रुपयांचा चिखल

बेळगावात सेल्फ ड्राइव्हच्या गाड्या देणारे आता गल्लोगल्ली झालेत. त्यातल्या टिळकवाडीतल्या एकाकडून गाडी घेऊन आम्ही पावसाळा सरता सरता आंबोली करून आलो. आम्ही म्हणजे मी, माझी जाऊ आणि सासूबाई. घरची गाडी ह्यांनी हुबळीला नेली होती आणि नवरात्र तोंडावर आलं होतं, म्हणजे नंतर कुणाला सवड नाही.

भाडं चोवीस तासांचं बावीसशे, अडीचशे किलोमीटरची मर्यादा, पाच हजार डिपॉझिट. बेळगावहून आंबोली सत्तरच्या आत-बाहेर, आजूबाजूचे फाटे धरले तरी मर्यादा ओलांडत नाही. गाडीजवळ गेल्यावर मी आधी नंबर प्लेट बघते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तरच ती भाड्याने द्यायची गाडी. व्हाइट बोर्डची, म्हणजे पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी थोडी स्वस्त पडते, पण कुठे घासली-ठोकली की विमा कंपनी हात वर करायला मोकळी. इथे पाटी काळीच होती आणि परमिटची प्रत समोरच्या खणात होती. परमिट महाराष्ट्रात चालतं का, तेही विचारून घेतलं. शिनोळीला राज्य बदलतं. आपण भाजी आणायलाही हद्द ओलांडतो, पण कागदांना ते कळत नाही.

गाडी देणारा पोरगा बोलायला गोड. "काय टेन्शन घेऊ नका मॅडम, गाडी एकदम झकास हाय." करारपत्र इंग्रजी आणि कन्नडमध्ये होतं, ते मी शांतपणे वाचलं. पोराला तोवर तीन फोन येऊन गेले.

आता रस्त्याचं. बेळगावकरांना एक सोय आहे ती फार जणांच्या लक्षात येत नाही. कोकणातून आंबोलीला यायचं तर अख्खा घाट चढावा लागतो, आपण मात्र सह्याद्रीच्या माथ्यावरच राहतो. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, आंबोली सातशेच्या. हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा करत थेट आंबोलीत पोचता येतं, सावंतवाडीकडचा घाट उतरायची गरजच नाही. ज्यांनी नुकतीच गाडी हातात घेतली आहे त्यांनी पहिल्यांदा हाच रस्ता धरावा. चोर्ला आणि तिलारीचे घाट नंतर. तिलारीचा घाट अरुंद आणि उभा आहे, तिथे भाड्याच्या गाडीचे ब्रेक कसे निघतात हे अजमावायला जाऊ नये. पेट्रोल बेळगावातच भरा, महाराष्ट्रात महाग पडतं.

मी हायस्कूलला भूगोल शिकवते, त्यामुळे घरचे माझ्याबरोबर फिरायला निघताना आधी तह करून घेतात. या वेळी तह नांगरतासला मोडला. आंबोलीच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच हा धबधबा आहे. धबधबा म्हटलं की आपण उंच कडा डोळ्यांपुढे आणतो, इथे मात्र पाणी पायाखालच्या चिंचोळ्या घळीत कोसळतं आणि कठड्याला धरून खाली वाकून बघावं लागतं. दोन्ही बाजूंना काळाभोर दगड, धार लावल्यासारखा कापलेला. हा बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, निवला, त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थर चढत जाऊन दख्खनचं पठार झालं. आज उरलेला भागच पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे आणि त्याची दक्षिणेची कड आपल्या बेळगावच्या आसपास संपते. पुढे रस्त्यासाठी कापलेल्या एका दरडीपाशी थांबून मी जावेला दगडातली मुगाएवढी भोकं दाखवली. लाव्हा थिजताना आतली वाफ आणि वायू अडकून पडले त्याच्या या खुणा. काही भोकांत नंतर पांढरी खनिजं भरली आहेत, नखाने खरवडली तरी ढिम्म हलत नाहीत.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सगळी आगच होती म्हणतेस, मग आता एवढं गार कसं काय गं?"

आंबोलीच्या कावळेसाद कड्यावर धुकं होतं. अर्धा तास नुसता पांढरा पडदा, मग वाऱ्याने बाजूला झाला आणि समोरच्या कड्यातले थर एकावर एक दिसले. इथला वारा दरीतून वर येतो, जोर असला की कड्यावरून पडणारं पाणी उलटं अंगावर उडतं. पोरं सेल्फीसाठी कठड्यावर चढतात, त्यांना ओरडायचं काम मी केलं. हिरण्यकेशीला गुहेतून झरा येतो तिथे देऊळ आहे. २०२० मध्ये इथे माशाची नवी जात सापडली, तिला नदीचंच नाव दिलं आणि पुढच्या वर्षी जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ही नदी पूर्वेला आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते आणि ते पाणी गोकाकच्या धबधब्यावरून पडतं. गाड्या देणाऱ्यांच्या पत्रकात 'ज्वालामुखीची सहल' म्हणून गोकाकही घातलंय, ते चूक. गोकाकचा कडा वालुकाश्माचा, शंभर कोटी वर्षांहून जुना, लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा. गोकाक जरूर बघा, पण वेगळ्या दिवशी. आंबोली आणि गोकाक एका दिवसात म्हणजे नुसतं स्टिअरिंग धरून बसणं.

येताना शिनोळीवरून देवरवाडीला वळून वैजनाथाचं दर्शन घेतलं. वरच्या महिपाळगडावर आजही गाव नांदतं. तिथे थांबायला उजेड उरला नव्हता.

गाडीचं सांगायचं तर इंजिन, क्लच, ब्रेक ठणठणीत. वायपर मात्र पुसण्याऐवजी काचेवर पट्टे ओढत होता आणि डावीकडचा फॉग लॅम्प बंद. आंबोलीला जाणाऱ्या गाडीत या दोन गोष्टी नसल्या तर बाकी झकास असून काय उपयोग? फोन केल्यावर "हळू चालवा मॅडम" असं उत्तर मिळालं. हळूच चालवत होते.

गाडी परत केली तेव्हा खरी गंमत. आतल्या कापडी मॅटवर तांबडा चिखल होता, त्याचे तीनशे रुपये डिपॉझिटमधून कापले. आता हा चिखल म्हणजे जांभ्याची माती. बेसाल्टवर लाखो वर्षं असा पाऊस पडला की त्यातली सिलिका वाहून जाते, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे उरतं, म्हणून तो तांबडा. ॲल्युमिनियम जास्त उरलं की बॉक्साइट, ज्याच्यावर बेळगावजवळचा यमनापूरचा कारखाना उभा आहे. हे मी त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, "ते बरोबर हाय मॅडम, पण धुणारा तीनशेच घेतो."

पाचपैकी साडेतीन. परत घेईन त्यांच्याकडूनच, पण आदल्या संध्याकाळी, म्हणजे पहाटे सहाला निघता येतं आणि धुकं उतरायच्या आत परत फिरता येतं. मोठी एसयूव्ही गळ्यात मारतील, घेऊ नका, या रस्त्याला छोटी गाडी भरपूर झाली. काच ओली करून वायपर चालवून बघा, फॉग लॅम्प लावून बघा, दोन्हींचा व्हिडिओ काढा. आणि रबरी मॅट मागून घ्या, असतात त्यांच्याकडे, आपणहून देत नाहीत.